उसना गंध

कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ढगाला अलकेची वाट सांगताना मुद्दाम उज्जयिनीवरून जायला सांगतो. वाट जरा वाकडी होते, तरी तिथले वाडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, असा त्याचा आग्रह असतो. तिथे तो म्हणतो की, वाड्यांच्या जाळीदार खिडक्यांतून केस धुपवण्याचा सुगंधी धूर बाहेर येत असेल, तो तुझ्या अंगी लागेल आणि तू आणखी भरशील. आम्हाला हे शृंगाराचं वर्णन म्हणून शिकवलं होतं आणि ते तसं आहेही. पण मुंबईच्या पावसाळ्यात लांब केस सांभाळायची वेळ आली, तेव्हा मला त्यात आणखी एक गोष्ट दिसायला लागली. दिवस आषाढाचे आहेत. हवा दमट, ऊन नाही, केस धुतले तर संध्याकाळपर्यंत वाळायचे नाहीत आणि आंबाड्यात दडपले तर त्यांना कुबट वास येणार. अशा दिवसांत निखाऱ्यावर ऊद टाकून केसांना ऊब आणि वास दोन्ही एकदम देणाऱ्या त्या बायका मला फार शहाण्या वाटतात. आधी केस कोरडे, मग सुवासिक, हा क्रम त्यांना ठाऊक होता. आज आपण तो उलटा करतो आणि मग सुगंधी फवारे कमी पडतात म्हणून कुरकुरतो.

मुळात केसाला स्वतःचा असा वास नसतोच. टाळूबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्याला घाम येत नाही, तो तेल तयार करत नाही. त्याच्याकडे असतो तो सगळा गंध उसना: काही टाळूकडून, काही पाण्याकडून, काही स्वयंपाकघरातल्या कढईकडून, काही उशीकडून आणि भाग्यात असेल तर एखाद्या गजऱ्याकडून. धुण्याच्या दोन दिवसांमध्ये केस ताजे ठेवायचे, तर ते कुणाकडून काय घेतात याकडे लक्ष ठेवावं लागतं.

आणि हे घेणं थोडंथोडकं नसतं. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एका केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर आणि लांबी खांद्यापर्यंतची, म्हणजे ३० सेंटीमीटर धरली, तर सगळ्या केसांच्या पृष्ठभागाची बेरीज साडेसहा चौरस मीटरच्या पुढे जाते. म्हणजे सुमारे ७० चौरस फूट. चाळीतल्या एखाद्या स्वयंपाकघराच्या जमिनीएवढं हे क्षेत्र झालं. कमरेपर्यंत केस असतील तर दुप्पट. एवढ्या पसरलेल्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर असतो आणि वासाचे बहुतेक रेणू तेलात सहज विरघळतात. वास धरून ठेवायला याहून चांगली सोय कुठली? त्यातही शेंड्यांकडचा केस जास्त वास धरतो. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, त्या हिशेबानं ६० सेंटीमीटर लांब वेणीचं टोक ५ वर्षांचं असतं. पाच वर्षांचं ऊन, फणी, साबण सोसून त्याच्यावरचे खवले झिजलेले, उघडलेले असतात आणि आत शिरायला वाटा झालेल्या असतात.

उसनवारीचं पहिलं घर म्हणजे टाळू. तिच्यावर चौरस सेंटीमीटरला शेकडो तैलग्रंथी असतात. त्यातून येणाऱ्या स्निग्ध द्रवाला सेबम म्हणतात. ताज्या सेबमला फारसा वास नसतो. वास येतो तो त्याच्यावर जगणाऱ्यांमुळे. मॅलॅसेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर नांदत असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांच्या नावावरून तिचं नाव पडलं. या बुरशीला स्वतःसाठी लागणारी मेदाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या सेबमवर विकरं सोडून ते फोडते, हवं तेवढं खाते आणि उरलेलं तिथेच टाकते. त्या उरलेल्यात ओलेइक आम्ल असतं. ज्यांच्या टाळूला ते सोसत नाही, त्यांना कोंडा आणि खाज सुरू होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७९ साली दाखवून दिलं की, ही बुरशी स्निग्ध पदार्थांवर वाढताना गॅमा-लॅक्टोन नावाची वासाची द्रव्यं सोडते. पीचसारख्या पिकल्या फळांचा गोड वास ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांचंच हे कुळ. न धुतलेल्या डोक्याला तिसऱ्या दिवशी जो गोडसर, जडसर वास येतो, त्यातला गोडवा बहुधा इथला असावा असं मला वाटतं. लहान मुलांच्या डोक्याला तो येत नाही, कारण त्यांच्या तैलग्रंथी वयात येईपर्यंत जवळजवळ झोपलेल्या असतात.

हवाही आपलं काम करत असते. सेबममध्ये साधारण १० ते १५ टक्के स्क्वालीन असतं. हवेतल्या ओझोनशी आणि ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की त्याचे तुकडे पडतात आणि मेणचट, शिळा वास देणारी द्रव्यं तयार होतात. आठवडाभर न बदललेल्या उशीच्या अभ्र्याला येणारा वास आठवून पाहा. केस आज धुतले आणि डोकं त्याच अभ्र्यावर टेकलं, तर रात्रभरात तो वास परत केसांत येतो. म्हणून ताज्या केसांसाठी काय करावं असं मला कुणी विचारलं, तर मी तेल-शांपूच्या आधी अभ्र्याचं नाव घेते. सुती अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा. कंगवाही आठवड्याला कोमट साबणपाण्यात बुडवून, दात्यांच्या बुडाशी साचलेला राखाडी मळ जुन्या टूथब्रशने काढून धुवावा. तो मळ म्हणजे जुनं सेबम आणि मेलेली त्वचा. आपण तेच पुन्हा पुन्हा केसांतून फिरवत असतो.

रोज धुतलं तर टाळू जास्त तेल सोडते आणि कमी धुतलं तर तिला कमी तेल सोडायची सवय लागते, असं पुष्कळ लोक सांगतात. तैलग्रंथी हे ऐकत नाहीत. त्यांचा वेग संप्रेरकांवर चालतो, न्हाणीघरात काय होतं ते त्यांना कळत नाही. तेलकट टाळू असेल तर एक दिवसाआड धुवावं, कोरडी असेल तर चार दिवसांनी. धुताना मात्र बोटांच्या पेरांनी टाळू चोळावी. शांपू शेंड्यांवर थापून उपयोग नाही, फेस खाली वाहताना लांबीचा मळ तोच घेऊन जातो.

आता पाणी. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी आत शोषून घेऊ शकतो, बाहेरून चिकटलेलं पाणी वेगळंच. टॉवेलने पुसून वरवर कोरडे वाटणारे केस आतून ओले असतात, आणि ते आंबाड्यात किंवा क्लिपमध्ये आवळले की मुळाशी तासन्‌तास ऊबदार दमटपणा राहतो. बुरशीला आणि जीवाणूंना याहून वेगळं काय हवं असतं? पावसाळ्यात लोकलच्या डब्यात सकाळी आठला जो कुबट वास दाटतो, त्यात ओल्या छत्र्यांइतकाच घाईत बांधलेल्या ओल्या केसांचा वाटा असतो. जाड टॉवेल डोक्याला गुंडाळून बसण्यापेक्षा पातळ सुती पंचा बरा. माझी आजी न्हाऊन आली की मान एका बाजूला टाकून, पंच्याचा पीळ करून केस फटाफट झटकायची. तुषार पार भिंतीपर्यंत उडायचे. पंच्यानं पाणी टिपलं जातं आणि झटकल्यामुळे केस सुटे होऊन मध्ये हवा खेळते. घरी पंखा असतो, त्याखाली दहा मिनिटं टाळूकडे हवा जाईल असं वाकून बसावं. केस वाळवणारं यंत्र वापरायचं तर गार किंवा कोमट हवेवर, आणि रोख मुळांकडे. शेंडे आपोआप वाळतात.

तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, असं आजी बजावायची. त्यामागे तिला वाटत असलेली भीती वेगळी होती. पण त्या नियमामुळे न्हाणं सकाळीच उरकावं लागे आणि दिवे लागायच्या आत केस खडखडीत वाळून वेणीत जात. रात्री नऊला ऑफिसातून येऊन केस धुणाऱ्या आणि अर्धवट ओल्या डोक्यानं झोपणाऱ्या आम्हाला ती सोय राहिली नाही. रात्रीच धुवायचं असेल, तर झोपण्याआधी पुरते दोन तास हाताशी ठेवावेत.

स्वयंपाकघराची उसनवारी सगळ्यांत लवकर कळते. बोंबील तळले, हिंगाची फोडणी दिली, की वास केसांत बसलाच. गरम तेलातून उडणारी वाफ म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. ते गार पृष्ठभागावर जाऊन बसतात, आणि सत्तर चौरस फुटांचा पृष्ठभाग तर कढईवर वाकून उभा असतो. जुन्या बायका डोक्यावरचा पदर नीट करून चुलीपुढे बसायच्या. त्या पदरामागची कारणं सामाजिक होती आणि ती सगळीच काही गोड नव्हती, पण तळणीच्या वेळी डोक्याला एक जुना सुती रुमाल बांधायला आजही हरकत नाही. तळण झालं की रुमाल धुवायला टाकावा. पुण्यात दुचाकीवरच्या मुली तोंडाला आणि डोक्याला स्कार्फ बांधतात. तो हेल्मेटखाली असेल तर घाम स्कार्फमध्ये जातो, हेल्मेटच्या अस्तरात मुरत नाही. अस्तर मात्र महिन्यातून एकदा काढून धुवावं आणि उन्हात वाळवावं. कित्येकांच्या केसांना येणारा वास खरं तर त्या अस्तराचा असतो आणि बिचारे शांपू बदलत राहतात.

शिकेकाईबद्दल मला मनापासून आदर आहे. शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत सॅपोनिन असतात, म्हणजे निसर्गातली फेसाळ द्रव्यं. साबण जड पाण्यात, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात, कॅल्शियमशी मिळून चिकट पांढरा थर तयार करतो. तो केसावर बसतो, धूळ आणि तेल धरतो आणि केस धुऊनही दुसऱ्याच दिवशी मळकट वाटतात. सॅपोनिनांचा असा थर बसत नाही, शिवाय शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं. टाळूचा पीएच साडेपाचच्या आसपास आणि केसाचा त्याहूनही कमी, त्यामुळे आंबटपणा दोघांनाही मानवतो. याच कारणासाठी खाण्याच्या सोड्यानं केस धुण्याचा जो सल्ला फिरतो, तो मी कुणाला देणार नाही. सोडा अल्कधर्मी आहे, त्यानं खवले उघडतात, केस राठ होतात आणि राठ केस आणखी वास धरतात. शिकेकाईत घराघराप्रमाणे नागरमोथा, गव्हला कचोरा, संत्र्याची वाळली साल, गुलाबपाकळ्या, मेथी, वाळा असं काय काय पडायचं. त्यातला नागरमोथा म्हणजे शेतातल्या लव्हाळ्याच्या कुळातला कंद. त्याचा मातकट, थंड वास केसांत रेंगाळतो, कारण त्याची सुगंधी द्रव्यं जड असतात आणि सावकाश उडतात.

आज धुवायला वेळ नाही आणि मुळं तेलकट झाली आहेत, अशा दिवसासाठी कोरडं चूर्ण चांगलं. दोन चमचे आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर, त्यात अर्धा चमचा बारीक वस्त्रगाळ नागरमोथा. रात्री झोपण्याआधी भांगाभांगातून बोटांनी मुळाशी लावावं आणि सकाळी खाली वाकून विंचरून झटकावं. पिष्टाचे कण रात्रभरात तेल पितात. सकाळी घाईत लावलं तर ते पांढरं दिसतं आणि तेल शोषायला वेळही मिळत नाही. दोन धुण्यांच्या मध्ये एकदाच लावावं. दोन-तीनदा लावलं तर तेलात भिजलेल्या पिठाचा लगदा टाळूवर बसतो आणि वासात भरच पडते. बाजारातले ड्राय शांपूही याच तत्त्वावर चालतात. २०२१ आणि २०२२ साली अमेरिकेत अशा काही फवाऱ्यांच्या डब्यांत बेंझीन हे कर्करोगाशी संबंध असलेलं द्रव्य सापडलं आणि कंपन्यांनी ते माघारी बोलावले. संशय पिठावर नव्हता, फवारा उडवणाऱ्या वायूवर होता. डबीतलं साधं चूर्ण मला त्यामुळे जास्त भरवशाचं वाटतं.

तेलाचंही प्रमाण हवं. खोबरेलात संपृक्त मेदाम्लं जास्त, म्हणून ते लवकर खवट होत नाही. बदाम, जवस यांची तेलं त्या मानानं लवकर बिघडतात. पण कुठलंही तेल टाळूवर चार दिवस राहिलं तर ते मॅलॅसेझियाचं जेवणच आहे. धुण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी लावावं आणि धुवून टाकावं. मधल्या दिवसांत हवंच असेल तर तळहातावर दोन थेंब घेऊन फक्त शेंड्यांना.

इतकं सगळं करूनही वास सतत येत असेल, टाळूवर पिवळसर तेलकट खपल्या असतील, लाली आणि खाज असेल, तर तो सेबोरिक डर्मटायटिस असू शकतो. त्याला अत्तर चालत नाही. त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा किटोकोनाझोलचा शांपू देतात. तो लावून चार-पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा असतो. लोक लगेच धुतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. टाळूचं दुखणं हे अस्वच्छतेचं लक्षण मानून बायका वर्षानुवर्षं ते लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

टाळू निरोगी, केस कोरडे, अभ्रा ताजा, एवढं झालं की मग सुगंधाकडे वळायला खुशाल मोकळीक. उज्जयिनीकडेच परत जाऊ. त्याच नगरीशी नातं असलेल्या वराहमिहिरानं सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ती नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे, आणि त्यात केसांचा रंग, डोक्यावरून न्हाण्याचं सुगंधी पाणी, सुवासिक तेल यांच्या कृती आहेत. गणिती माणूस तो. १६ सुगंधी द्रव्यांमधून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणं होतात, हेही त्यानं तिथेच मोजून ठेवलं. केसांच्या सुवासासाठी इतकी काटेकोर बुद्धी खर्च करणाऱ्या त्या काळाबद्दल मला प्रेम वाटतं.

धुपवण्यात दोन कामं होतात. निखाऱ्याची कोरडी ऊब केसांतलं उरलंसुरलं पाणी उडवते आणि धुरातली राळेची सुगंधी द्रव्यं केसावरच्या स्निग्ध थरात विरघळून बसतात. आपण ज्याला ऊद किंवा लोबान म्हणतो तो बहुतेक वेळा सुमात्रा-जावाकडच्या झाडांचा डिंक असतो. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणायचे, आणि त्यावरूनच युरोपात बेंझॉइन हे नाव तयार झालं. त्याच्या वासात व्हॅनिलाची छटा आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, ऊद यांची धुरी असायची आणि न्हाल्यावर तिचे केस तीवर वाळवले जायचे. पण धूर तो धूरच, त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातात. बंद खोलीत, तान्ह्या बाळाजवळ किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसाजवळ धुरी करू नये. खिडकी उघडी ठेवून, वेताची टोपली शेगडीवर उपडी घालून, केस टोपलीवर पसरून दोन मिनिटं पुरेत. ओढणी निखाऱ्यापासून लांब ठेवावी.

अत्तर केसांना थेट लावू नये. मद्यार्कातलं सेंट केस कोरडे करतं आणि टाळूला झोंबतं. फणीच्या दात्यांना अत्तराचा बोळा फिरवावा आणि मग ती फणी केसांच्या खालच्या भागातून फिरवावी. वाळ्याचं किंवा गुलाबाचं पाणी शिंपडणं पावसाळ्यात टाळावं. पुन्हा ओल आलीच.

सगळ्यांत सुंदर रीत गजऱ्याची आहे, आणि तिचं शास्त्र कळल्यापासून मी गजरा वेगळ्याच आदरानं माळते. मोगऱ्याची कळी तोडली तरी मरत नाही. ती संध्याकाळी उमलते आणि तोडल्यानंतरही तासन्‌तास नवा सुगंध तयार करत राहते. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले जाईची फुलं चरबी माखलेल्या काचांवर पसरायचे आणि दररोज ताजी घालायचे. फूल गंध सोडत राही, चरबी तो पीत राही. आपल्याकडे जौनपूरसारख्या ठिकाणी तीळ आणि चमेलीची फुलं थरावर थर घालून ठेवत, फुलं बदलत राहत आणि शेवटी त्या गंधाळलेल्या तिळांचं तेल काढत. किंचित तेल लावलेल्या वेणीवर बांधलेला गजरा नेमकं हेच काम करतो. काचेवरच्या चरबीच्या जागी आपली वेणी असते.

म्हणून फूल निवडताना त्याचा स्वभाव पाहावा. अबोलीला रंग आहे, गंध नाही. वेंगुर्ल्याकडचे सुरंगीचे वळेसर फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाले तर सोडू नयेत, त्यांचा वास खोलीभर होतो. बकुळ सुकली तरी दरवळते, म्हणून ती माळून झाल्यावर फणीच्या पेटीत टाकून ठेवावी. मोगऱ्याचं तसं नाही. त्याच्या सुगंधात इंडोल नावाचं द्रव्य असतं. उमलत्या फुलात इतर सुगंधांच्या सोबतीनं ते गोड लागतं, कोमेजलेल्या फुलात एकटं पडून उग्र होतं. मोगऱ्याचा गजरा झोपताना काढून पाण्याच्या वाटीत ठेवावा, वेणी मात्र तशीच असू द्यावी. सकाळी पीळ सोडला की आतल्या बटांमधून येतो तो कालचा मोगरा, कोमेजण्याआधीचा.